गोचिडाने प्यायलेल्या दुधाचा हिशेब

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात वैनगंगेच्या तीरावर गोसीखुर्द हे गाव आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते येथे धरणाची पायाभरणी झाली आणि तेव्हापासून गावाचे नाव धरणाच्या नावाने दूरवर गेले. तेहतीस दरवाजांच्या या धरणामागे जे पाणी साठले, त्याखाली शेते गेली, गावठाणे गेली आणि नदीकाठची चराईही गेली. चराई ही कोणा एकाच्या सातबाऱ्यावर नसते. म्हणून तिचे जाणे कोणा एकाच्या हिशेबात येत नाही. पूर्वी सकाळी आखरावर गुरे जमत, गायकी ती काठाकाठाने हाकीत नेई आणि दिवस मावळताना परत आणी. जेथे हा क्रम तुटला, तेथे जनावर दिवसाचा बराच वेळ कोठ्यातच बांधलेले राहू लागले. ज्या कुटुंबाची शेती पाण्यात गेली आणि ज्याने उरलेल्या आधारासाठी एखादी संकरित गाय दारात बांधली, त्याच्या दृष्टीने त्या गाईचे दूध हे जोडउत्पन्न नसून घरखर्चाचे मूळ होय.

अशा गाईच्या अंगावर वर्षाचे निदान पाच-सहा महिने जो बिनभाड्याचा भागीदार बसलेला असतो, त्याचा विचार येथे करावयाचा आहे. गोचीड कोणाला ठाऊक नाही असा शेतकरी नाही. किंबहुना तो इतका ओळखीचा आहे, की त्याचे कोणाला काही वाटेनासे झाले आहे. गाईला ताप भरला, डॉक्टर आले, सुई टोचली, पैसे दिले, म्हणजे मालक म्हणतो, “गोचिडाने एवढा खर्च केला.” प्रत्यक्षात हा खर्च एकूण नुकसानीचा दिसणारा भाग तेवढा असतो. न दिसणारा भाग रोज सकाळ-संध्याकाळ दुधाच्या भांड्यातून कमी होत असतो आणि त्याची पावती कोणी देत नाही.

दोन गोचीड, दोन सवयी

आपल्या जनावरांवर गोचिडांच्या अनेक जाती आढळतात. परंतु दुभत्या गाईच्या दृष्टीने दोन जाती मुख्य आहेत. शास्त्रज्ञ एकीस बूफिलस म्हणत असत. अलीकडे तिचे नाव रिपिसेफॅलस असे बदलले आहे. दुसरीस हायलोमा म्हणतात. ही नावे पाठ करण्याची जरुरी नाही. मात्र दोहोंच्या राहण्याच्या सवयी भिन्न आहेत आणि ज्याला त्या सवयी कळल्या नाहीत त्याचे औषध निम्मे वाया जाते.

बूफिलस एकाच जनावरावर वाढतो. गवताच्या शेंड्यावर चढून बसलेले सहा पायांचे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे पिल्लू चरणाऱ्या गाईच्या अंगाला चिकटते. तेथेच ते कात टाकून आठ पायांचे होते, तेथेच प्रौढ होते आणि सुमारे तीन आठवड्यांनी रक्ताने टम्म फुगलेली मादी खाली गळून पडते. जमिनीवर पाला, शेण किंवा ढेकळाच्या आडोशाला ती दोन ते तीन हजार अंडी घालते व मरते. उष्ण व दमट हवेत तीन-चार आठवड्यांत अंडी फुटतात आणि पिल्ले पुन्हा गवतावर चढतात. अन्न न मिळाले तरी ती काही महिने तग धरून राहू शकतात. म्हणजे एक मादी हातून निसटली, तर तिचे दोन हजार वारस पुढच्या गाईची वाट पाहत बसतात.

हायलोमाची तऱ्हा निराळी. तो एका जनावरावर जन्मभर राहत नाही. थोडे रक्त प्यावे, खाली उतरावे, कोठ्याच्या भिंतीच्या भेगेत शिरून कात टाकावी आणि वाढून पुन्हा दुसऱ्या जनावरावर चढावे, असा त्याचा संसार असतो. कच्च्या मातीच्या भिंती, न लिंपलेल्या विटांच्या सांधी, गव्हाणीखालच्या फटी, खुंट्याभोवतीची भोके आणि भिंतीला टेकवून रचलेले तणस ही त्याची घरे होत. जनावराच्या अंगावर कोणत्याही दिवशी जेवढे गोचीड दिसतात, त्यांहून कितीतरी अधिक असे कोठ्यात व आवारात दडलेले असतात. गाय धुऊन स्वच्छ केली व आठ दिवसांत ती पुन्हा भरली, म्हणजे मालक औषधाला दोष देतो. परंतु औषध पोहोचले होते ते गाईपर्यंत. भिंतीपर्यंत ते गेलेलेच नव्हते.

चराई कमी होऊन जनावर कोठ्यात अधिक काळ राहू लागले, की गवतावरच्या गोचिडाचा त्रास कमी होईल असे वाटणे साहजिक आहे. तसे काही अंशी होतेही. परंतु त्याच वेळी भेगांतून राहणाऱ्या गोचिडाला त्याचे भक्ष्य चोवीस तास दारात मिळते. गोसीखुर्दच्या परिसरात उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचे रान जवळ आहे. रानातील चितळ, सांबर व रोही यांच्या अंगावरही गोचीड वाढतात, आणि हे प्राणी बांधावरच्या गवतात ते सोडून जातात. यासाठी रानावर रोष धरण्याचे कारण नाही. पण रानालगत चरणाऱ्या जनावराची तपासणी अधिक वेळा करावी लागते, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

एका गाईचा जमाखर्च

फुगलेली एक मादी अर्ध्यापासून दोन मिलिलिटरपर्यंत रक्त घेते असे मानले जाते. मध्यम हिशेबाने एक मिलिलिटर धरले आणि दररोज पन्नास माद्या पूर्ण भरून गळतात असे मानले, तर गाईचे महिन्याला दीड लिटर रक्त जाते. हे रक्त गाय पुन्हा तयार करते. परंतु ते आकाशातून येत नाही. ज्या पेंडीतून आणि हिरव्या चाऱ्यातून दूध व्हावयाचे, त्यातूनच ते होते. त्याशिवाय गोचिडाची लाळ अंगात जाते, कातडीची आग होते, जनावर शेपटी झाडीत, अंग भिंतीला घाशीत उभे राहते आणि रवंथ करीत निवांत बसण्याची वेळ त्यात जाते. भूकही मंदावते.

दुधाची घट नेमकी किती होते, याचे मोजमाप ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड प्रांतात झालेले आहे. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात होल्स्टीन गाई होत्या. पूर्ण भरत आलेल्या प्रत्येक मादीमागे गाईचे दिवसाचे दूध ८.९ मिलिलिटरने आणि वजन एक ग्रॅमने कमी झाल्याचे त्यात आढळले. नऊ मिलिलिटर म्हणजे चहाचे दोन लहान चमचेदेखील नव्हेत. इतक्या थोड्या दुधासाठी कोण खंत करील? पण येथेच फसगत होते.

उदाहरणादाखल आठ लिटर दूध देणारी एक संकरित गाय घेऊ. तिच्यावर रोज पन्नास भरलेल्या माद्या आहेत. पन्नासाला ८.९ ने गुणले की ४४५ मिलिलिटर, म्हणजे जवळजवळ अर्धा लिटर होतो. पावसाळ्याच्या आगेमागे असे दीडशे दिवस गेले तर सुमारे ६७ लिटर दूध गेले. लिटरला तीस रुपये दर धरला तर हे दोन हजार रुपये झाले. गोसीखुर्दची गाय म्हणजे क्वीन्सलंडची गाय नव्हे आणि येथील चारा, हवा व गाईचे रक्त वेगळे असल्याने आकडा थोडा इकडेतिकडे होईल. परंतु दिशा बदलणार नाही. ज्याला आपल्या गाईचा आकडा हवा असेल त्याने आपल्या गाईवरील माद्या मोजाव्यात व आपल्या डेअरीचा दर घालावा.

मोजण्याची रीत सोपी आहे. गळण्यास आलेल्या माद्या सकाळीच अधिक दिसतात, म्हणून सकाळच्या धारेच्या वेळी गाईची एकच कूस पाहावी. मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंत, गळ्याची पोळी, पुढच्या पायाची बगल, कास आणि मांडीची आतली बाजू या जागा हाताने चाचपाव्यात. लाखोळीच्या दाण्यापासून हरभऱ्याच्या दाण्यापर्यंत आकार असलेले गोचीड तेवढे मोजावेत, त्याहून लहान सोडून द्यावेत. जो आकडा येईल त्याची दुप्पट करावी. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने गावातील पाच-सहा कोठ्यांत असे मोजून एका वहीत लिहिले, तर त्या गावाचे नुकसान किती हे सांगण्यास त्याला कोणत्याही मोठ्या अहवालाची गरज पडणार नाही.

दुधाच्या पुढचा तोटा गाभण राहण्यातला आहे. रक्ताने खंगलेली गाय माजावर वेळेवर येत नाही, आली तरी माज क्षीण असतो आणि मालकाच्या लक्षात राहत नाही. गाईचा माज साधारण एकवीस दिवसांनी फिरतो. दोन माज हुकले तर बेचाळीस दिवस गेले. त्या दिवसांत गाईला खावयास तर घालावेच लागते. रोजचा चारा-पेंडीचा खर्च ऐंशी रुपये धरला तर तीन हजार तीनशे साठ रुपये खर्ची पडले आणि त्याबदली काहीच मिळाले नाही. दुधाचे दोन हजार आणि हे, मिळून पाच हजारांवर रक्कम गेली. अजून गाय आजारी पडलेली नाही, डॉक्टर दारात आलेला नाही. कालवडींच्या बाबतीत तर नुकसान आणखी लांबते. लहानपणी गोचिडांनी पोखरलेली कालवड उशिरा वाढते, उशिरा माजावर येते आणि पहिले वेत वर्षभराने पुढे जाते. मेल्या जनावराचे कातडे गोचिडांच्या डागांमुळे हलक्या प्रतीचे ठरते, हा त्याहून किरकोळ पण खराच तोटा.

देशभराचा हिशेब पाहू गेल्यास, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत गोचीड व त्यांनी पसरविलेले रोग यांमुळे भारताला दरवर्षी ४९ कोटी ८७ लाख डॉलरचा भार पडतो असा अंदाज दिलेला आहे. एवढा मोठा आकडा ऐकून दारातल्या गाईविषयी काहीच उमजत नाही. अर्धा लिटर मात्र उमजतो.

गोचीड ताप

येथवर जो तोटा सांगितला तो थेंबाथेंबाचा झाला. गोचीड ताप गाय एकदम नेतो.

थायलेरिया नावाचा अतिसूक्ष्म जीव हायलोमा गोचिडाच्या अंगातून गाईच्या रक्तात शिरतो. लहान वयात रोगी जनावराचे रक्त प्यायलेला गोचीड कात टाकून वाढतो आणि पुढच्या अवस्थेत निरोगी गाईला चावतो, तेव्हा रोग तिला देतो. चावल्यानंतर दोन-तीन आठवड्यांच्या आत गाईला १०४ ते १०७ अंशांपर्यंत ताप चढतो. खांद्यापुढची गाठ सुजून हाताला स्पष्ट लागते, डोळ्यांतून पाणी वाहते, धाप लागते, दूध एका-दोन दिवसांत तुटते, पुढे हिरड्या व डोळ्यांची आतली त्वचा पांढुरकी पडते. गाभण गाय गाभडण्याचा संभव असतो. बूफिलस गोचीड दुसरा एक रोग आणतो. त्याचा जीव बबेसिया, आणि तो मादीकडून अंड्यांत व अंड्यांतून पिल्लांत उतरतो. या रोगात तापाबरोबर लघवी लाल किंवा कॉफीच्या रंगाची होते. दोन्ही रोगांची औषधे निरनिराळी आहेत. म्हणून ‘गोचीड ताप’ एवढ्याच निदानावर सुई टोचून घेऊ नये; रक्ताचा नमुना काचपट्टीवर घेऊन तो तपासून घ्यावा. अशी तपासणी पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत होऊ शकते. १९५८ साली सुरू झालेले व आता महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचा भाग असलेले नागपूरचे पशुवैद्यक महाविद्यालयही भंडाऱ्यापासून फार दूर नाही.

थायलेरियावर बुपरव्हॅक्वोन हे गुणकारी औषध १९८० नंतरच्या दशकात उपलब्ध झाले. परंतु ते ताप चढल्याबरोबर दिले तर जितके उपयोगी पडते, तितके रक्त आटल्यावर पडत नाही. पहिले दोन दिवस ‘उतरेल ताप’ म्हणून थांबणे हेच बहुधा गाईच्या जिवावर बेतते. या रोगावर आपल्या देशात तयार झालेली रक्षाव्हॅक-टी ही लसही आहे. ती संकरित व विदेशी रक्ताच्या जनावरांसाठी असून दोन महिन्यांवरील वासरांनाही देता येते. द्रवरूप नायट्रोजनच्या थंडाव्यात ती ठेवावी लागते. त्यामुळे ती कोणत्याही दुकानी मिळण्यासारखी नाही. गावातील संकरित जनावरांची संख्या कळवून तिच्या उपलब्धतेची चौकशी दवाखान्यात आधीच केलेली बरी. गाभण गाईस ती द्यावी की नाही हे डॉक्टरांनी ठरवावे.

गावात एक प्रश्न नेहमी ऐकू येतो. शेजाऱ्याच्या गावरान गाईवरही गोचीड आहेत, तिला काही होत नाही. मग संकरित गाईच का मरते? या प्रश्नाचे उत्तर मिळविताना पशुवैद्यकातला एक मोठा शोध लागला आहे. अमेरिकेत टेक्सासकडील गुरे उत्तरेच्या बाजारांकडे हाकीत नेली जात. ती स्वतः धडधाकट दिसत. पण ज्या वाटेने ती गेली त्या वाटेवरची उत्तरेकडील गुरे काही आठवड्यांनी तापाने मरत. हवेला, पाण्याला, गवताला दोष देऊन झाला. शेवटी थिओबाल्ड स्मिथ व किलबोर्न या शास्त्रज्ञांनी कुंपणे घालून प्रयोग केला. एका शेतात गोचिडांसह दक्षिणेची गुरे ठेवली. दुसऱ्यात तशीच गुरे, पण अंगावरचा गोचीडन् गोचीड हाताने वेचून काढलेली. तिसऱ्यात गुरे नाहीत, नुसते गोचीड टाकलेले. तिन्ही ठिकाणी उत्तरेकडील निरोगी गुरे सोडली. जेथे गोचीड होते तेथली आजारी पडली, जेथे नव्हते तेथली राहिली. हा निष्कर्ष १८९३ साली प्रसिद्ध झाला. कीटकासारखा एखादा क्षुद्र जीव रोग वाहून नेतो, हे यामुळे प्रथमच निःसंशय सिद्ध झाले. डासाने हिवताप होतो हा शोध त्यानंतरचा.

टेक्सासची गुरे मरत नव्हती, कारण ती वासरू असल्यापासून त्या रोगाशी परिचित होती. आपल्या गावरान गाईचे, पूर्व विदर्भातील कथाणी जनावराचे किंवा वर्ध्याकडील गावळाऊचे तसेच आहे. पिढ्यान् पिढ्या गोचिडांच्या संगतीत काढल्याने तिची कातडी त्यांना सहजी थारा देत नाही आणि रोग आला तरी ती बहुधा सौम्यपणे काढते. म्हशीही पुष्कळशा निभावतात. होल्स्टीन व जर्सी रक्त मात्र थंड प्रदेशातले असून गोचिडाशी त्याची ओळख नाही. दूध वाढविण्यासाठी जे रक्त आपण आणले, त्याच्याबरोबर हा नाजूकपणाही आला. ऑस्ट्रेलियात १९५० नंतरच्या दशकात साहिवाल व लाल सिंधी ही आपल्या भूमीतील जनावरे नेऊन जर्सीशी त्यांचा संकर केला गेला. उद्देश हा की, दूधही मिळावे आणि गोचीडही न लागावेत. आपल्याकडे ज्या गाईला ‘दोन लिटरची’ म्हणून हिणविले जाते, तिच्या अंगातील या एका गुणासाठी तिकडे एवढा उपद्व्याप केला गेला, हे पैदाशीचा विचार करताना विसरू नये. दारात चाऱ्याची व औषधाची सोय बेताची असेल, तर विदेशी रक्ताचे प्रमाण अर्ध्यावर नेऊ नये हेच श्रेयस्कर.

अशी गाय दगावली तर तोटा केवळ तिच्या किमतीचा नसतो. समजा गाय साठ हजारांची आहे आणि ती कर्जाऊ घेतली आहे. गाय गेली तरी हप्ता राहतो. विमा असेल तर कानातील बारा अंकी बिल्ला शाबूत असावा लागतो आणि मृत्यूचा दाखला डॉक्टरांकडून घ्यावा लागतो. बिल्ला हरवलेला असला की दावा अडतो. वीस संकरित गाईंच्या गावात वर्षाला अशी एकच गाय गेली, तरी गाईमागे तीन हजारांचा भार साऱ्या गावावर पडला असे समजावे. प्रत्यक्षात मात्र तो एका घरावरच पडतो.

कोठ्यापासून सुरुवात

उपायांची सुरुवात गाईपासून न करता भिंतीपासून करावी. अक्षय्यतृतीयेपासून मृगापर्यंत कोठा कोरडा असतो, शेतीच्या कामांचीही घाई नसते. त्या दिवसांत तणसाचे ढीग भिंतीपासून हातभर दूर हलवावेत, भिंतीच्या व गव्हाणीच्या भेगा शेणमातीने किंवा शक्य असल्यास सिमेंटने बुजवाव्यात आणि जमिनीपासून पुरुषभर उंचीपर्यंत चुना द्यावा. भेगांतून ज्वाला फिरविण्याचे यंत्र, ज्याला फ्लेम गन म्हणतात, ते पक्क्या बांधकामाच्या कोठ्यात फार उपयोगी आहे. अंडी व पिल्ले दोन्ही जळतात. परंतु गवताने शाकारलेल्या किंवा तणस भरलेल्या कोठ्यात ते मुळीच वापरू नये. गोचीड वाचले तरी चालतील, कोठा जळता कामा नये. घरच्या कोंबड्या कोठ्यात फिरू द्याव्यात. त्या गोचीड वेचतात हे घरातील बायाबापड्यांना पूर्वीपासून ठाऊक आहे. मात्र ज्या दिवशी औषध फवारले त्या दिवशी व पुढे दोन दिवस त्यांना आत सोडू नये.

फवारणीत जी चूक सर्वत्र आढळते ती औषध कमी वापरण्याची. दोन प्रकारे ते कमी पडते. एक, बाटलीवरील पत्रकात सांगितल्यापेक्षा पातळ द्रावण केले जाते. दुसरे, मोठी गाय पुरती भिजण्यास चार-पाच लिटर द्रावण लागत असता लिटरभरात काम उरकले जाते. पाठ ओली होते, आणि कानाच्या आत, शेपटीखाली, कासेच्या वर व मांड्यांच्या बेचक्यात, जेथे गोचीड खरे बसलेले असतात, तेथे थेंबही पोहोचत नाही. अशा अर्धवट औषधातून जे गोचीड वाचतात ते त्यातल्या त्यात चिवट असतात, आणि पुढची पिढी त्यांचीच होते. डेल्टामेथ्रीन, सायपरमेथ्रीन यांसारख्या औषधांना न जुमानणारे गोचीड देशाच्या अनेक राज्यांत आढळून आले आहेत. यास्तव एकच औषध वर्षानुवर्षे वापरू नये. ते कोणत्या गटाचे आहे हे डॉक्टरांना विचारून एका हंगामानंतर गट बदलावा. नुसते बाटलीवरचे नाव बदलल्याने गट बदलत नाही. दुकानदार कित्येकदा तेच औषध दुसऱ्या वेष्टनात देतो. आयव्हरमेक्टिनची सुई टोचून घेतली असेल तर पत्रकात सांगितलेल्या दिवसांपर्यंत दूध विकू नये, मुलांनाही देऊ नये.

जुन्या पत्रकांतून डी.डी.टी. व बी.एच.सी. यांची भुकटी गाईच्या अंगावर चोळण्यास सांगितलेले आढळते. ती पत्रके आता बाजूला ठेवावीत. ही औषधे शरीरातील चरबीत साठतात व दुधावाटे माणसाच्या पोटात जातात, बी.एच.सी.वर तर देशात १९९७ पासून बंदी आहे. निंबोळी, करंज, वेखंड, लसूण व हळद यांचा अर्क काही गोपालक वापरतात. थोडे गोचीड असताना व पावसाची उघडीप असताना त्याने बरा गुण येतो, दुधात दोषही राहत नाही. तथापि गोचिडांनी भरलेल्या गाईला केवळ त्याच्यावर सोडणे धोक्याचे आहे.

हाताने गोचीड काढून दोन बोटांत चिरडण्याची सवय पुष्कळांना आहे. ती सोडली पाहिजे. २०११ साली गुजरातेत क्रायमियन-काँगो रक्तस्रावी ताप माणसांत आढळून आला. तो हायलोमा गोचिडामार्फत पसरतो आणि फुटलेल्या गोचिडाचे रक्त जखमेला लागल्यानेही होऊ शकतो. हातमोजे नसतील तर निदान प्लास्टिकची पिशवी हाताला गुंडाळावी, चिमट्याने गोचीड तोंडाजवळ धरून सरळ ओढावा आणि औषधाच्या द्रावणात टाकावा. जमिनीवर फेकलेली भरली मादी मरत नाही. ती अंडी घालते.

एकट्या घराने केलेली फवारणी शेजारच्या कोठ्यातील गोचीड महिन्याभरात निकामी करतात. अमेरिकेने १९०६ पासून गावोगाव औषधाचे हौद बांधून व प्रत्येक कळप त्यातून पोहवून नेऊन टेक्सासच्या तापाचा गोचीड हटविला. त्यास १९४३ साल उजाडले आणि तरीही मेक्सिकोच्या सरहद्दीवरची पट्टी सुटली नाही. त्या पट्टीत आता एक अडचण आपल्या ओळखीची आहे. शिकारीसाठी हिंदुस्थानातून तिकडे नेलेले रोही मोकळे वाढले, आणि तेच गोचीड इकडून तिकडे वाहतात! तेवढी सक्ती व तेवढा खर्च आपल्याकडे होण्यासारखा नाही. पण एका गावाने एकाच दिवशी सगळी जनावरे व सगळे कोठे फवारणे हे अशक्य कोटीतले काम नव्हे. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोग राज्यभर पसरला तेव्हा ग्रामपंचायतींनी कोठ्यांतून फवारणी करविली होती. त्या वेळी भीती होती म्हणून माणसे जमली. गोचिडाची भीती वाटत नाही, एवढाच काय तो फरक.

पहिली फवारणी पावसाच्या पहिल्या सरींनंतर गवत उगवण्याच्या सुमारास करावी. झड लागलेली असताना फवारू नये, औषध धुऊन जाते. उघडीप पाहून सकाळी करावी म्हणजे जनावर दिवसा वाळते. फवारण्यापूर्वी गाईला पोटभर पाणी पाजावे, नाहीतर ती ओले अंग चाटते. तोंड, डोळे व अंगावरील जखमा टाळाव्यात. द्रावण करणाऱ्याने नाक-तोंड बांधावे व काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. उरलेले द्रावण नाल्यात किंवा तळ्यात ओतू नये, मासे मरतात. दुसरी फवारणी पंधरा ते एकवीस दिवसांच्या आत झाली पाहिजे, कारण पहिल्या वेळी जी अंडी फुटली नव्हती त्यांची पिल्ले तोवर अंगावर चढलेली असतात आणि त्यांच्या माद्या भरून गळण्यापूर्वीच त्यांना गाठावयाचे असते. ज्या गावी एकवीस दिवस पाळले जात नाहीत, तेथे पहिल्या फवारणीचा पैसा पाण्यात गेला असे समजण्यास हरकत नाही. पोळ्याला बैल धुतले जातात त्या दिवशी गाई, म्हशी व कालवडींचीही तपासणी करण्याचा प्रघात घातल्यास तिसऱ्या फवारणीची तारीख वेगळी लक्षात ठेवावी लागत नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने वहीत चार रकाने आखावेत : मालकाचे नाव, फवारणीपूर्वी एका कुशीवर मोजलेल्या माद्या, वापरलेले औषध व त्याचा गट, आणि आठव्या दिवशी पुन्हा मोजलेल्या माद्या. औषध नीट मिसळून व गाय पुरती भिजवूनही चौथ्या रकान्यातील आकडा दुसऱ्याच्या निम्म्याखाली आला नाही, तर त्या कोठ्यातील आठ-दहा भरलेल्या माद्या झाकणाला बारीक भोके पाडलेल्या कोरड्या बाटलीत घालून, वहीसह, त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन द्याव्यात.